निष्काम कर्म आणि दुसऱ्याचा पगार



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२.

अर्थ थोडक्यात असा. यज्ञाने संतुष्ट झालेले देव तुम्हाला हवं ते देतील. पण त्यांनी दिलेलं त्यांना परत न देता जो नुसता उपभोगत राहतो, तो चोरच. भगवंत इथे त्याला अज्ञानी म्हणत नाहीत, आळशीही म्हणत नाहीत. सरळ चोर म्हणतात.

कालच्या श्लोकात आपण पाहिलं की देव आणि माणसं एकमेकांना पोसतात आणि त्यातून दोघांचंही कल्याण होतं. ज्ञानेश्वर माउली तिसऱ्या अध्यायातल्या यज्ञाचा अर्थ स्वधर्म असा लावतात. म्हणजे होमकुंड नसलं तरी यज्ञ चालूच असतो. कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी करतं, आपण त्याची परतफेड करतो, आणि चाक फिरत राहतं. घेणारा देण्याच्या वेळी हात आखडतो, तिथे ते अडतं.

हा श्लोक आज मुद्दाम एका प्रश्नाच्या उजेडात वाचू या. आपल्या रविवारच्या ऑनलाइन वाचनात एक ताई नेहमी असतात. वस्तीतल्या मुलांना शिकवणाऱ्या एका संस्थेत त्या सहा वर्षं काम करतात. दर वेळी ११ महिन्यांचा करार, कागदोपत्री 'कन्सल्टंट'. पीएफ नाही, आरोग्य विमा नाही. यंदा आईचं ऑपरेशन झालं, साठवलेले पैसे संपले. त्यांनी पगारवाढ आणि विम्याचं विचारलं, तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "तुम्ही गीता वाचता ना? मग फळाची अपेक्षा कशाला?" ताईंनी मला लिहिलं, "दादा, मला खरंच कळेनासं झालंय. मी मागितलं म्हणजे माझी सेवा बाटली का? आणि गीता नक्की कुणाच्या बाजूची?"

हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. आपल्यापैकी बरेच जण देणगी देतात, शनिवारी-रविवारी सेवेला जातात, ऑफिसच्या सीएसआर टीममध्ये असतात. संस्थांत पगार कसे ठरतात, याला आपलाही हातभार असतो.

मागितलं म्हणजे सेवा बाटली का?

दुसऱ्या अध्यायातला कर्माच्या अधिकाराचा श्लोक आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण तो कुणी कुणाला सांगितला, हे आपण विसरतो. तो कर्म करणाऱ्याला सांगितला आहे, त्याच्या स्वतःच्या मनासाठी. यशाची हाव धरू नकोस, अपयशाच्या भीतीने काम टाकू नकोस, असं ते सांगणं आहे. काम करून घेणाऱ्याने मोबदला देऊ नये, असं त्यात कुठेही नाही. हा श्लोक अर्जुनाच्या हातात शस्त्र आहे. तो मालकाच्या हातात गेला की त्याच शस्त्राने अर्जुनाचाच खिसा कापला जातो.

आणखी एक गोष्ट. याच तिसऱ्या अध्यायात, आठव्या श्लोकात, भगवंत अर्जुनाला सांगतात की कर्म केल्याशिवाय तुझा शरीरनिर्वाहही चालणार नाही. म्हणजे घरभाडं, किराणा, आईचं औषध या गोष्टी कृष्णाच्या हिशेबाबाहेरच्या नाहीत. पुढे सतराव्या अध्यायात शरीराला आणि आत बसलेल्या मलाही कष्टवणारं घोर तप करणाऱ्यांना ते आसुरी निश्चयाचे म्हणतात. ते तर स्वतःचंच शरीर कष्टवणारे. दुसऱ्याच्या शरीराकडून तसं तप सक्तीने करून घेणाऱ्याला काय म्हणायचं, हे तुम्हीच ठरवा.

म्हणून ताई, निर्वाहाचं मागणं ही फळाची आसक्ती नव्हे. मुलं शिकली तर श्रेय मलाच मिळावं, सत्कार माझाच व्हावा, असं वाटणं ही आसक्ती. पगार वेगळा आणि फळ वेगळं.

त्याग आपल्या वाट्याचा

तुकोबांची एक गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. दुष्काळानंतर त्यांनी सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. हे सगळ्यांना माहीत असतं. पण गोष्टीतला अर्धा भाग सांगताना गळतो. परंपरा सांगते की तुकोबांनी आधी खतांच्या दोन वाटण्या केल्या. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याला दिला आणि बुडवला तो फक्त स्वतःचा.

तुकोबांच्या वैराग्याबद्दल कुणाला शंका आहे? तरी त्यांनी भावाचा वाटा आपल्या वैराग्यात ओढला नाही. कान्होबालाही संसार होता. त्यागाचा नियम इतका साधा आहे: आपला वाटा बुडवायचा अधिकार आपल्याला आहे, दुसऱ्याचा नाही.

गाडगेबाबांचंही तेच. गाव झाडून काढायचं आणि मग भाकरी मागायची, अशी त्यांची रीत. अंगावर चिंध्या. पण त्यांनी धर्मशाळा बांधल्या त्या गोरगरिबांना नीट निवारा मिळावा म्हणून. स्वतःच्या चिंध्यांची सक्ती त्यांनी कुणावर केली नाही.

आपल्या महाराष्ट्रात संस्थेतल्या वेतनाचा प्रश्न नवा नाही. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली. टिळक, आगरकर यांच्यासारख्या पदवीधरांनी सरकारी नोकरीची वाट सोडून तुटपुंज्या वेतनावर शिकवायचं ठरवलं. पुढे आजीव सदस्यांचं वेतन आणि बाहेरची मिळकत यांवरून त्यांच्यात कडाक्याचे वाद झाले आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. वाद झाले ते उघड, बरोबरीच्या माणसांमध्ये. कमी घ्यायचं हे ज्यांनी ठरवलं, कमी मिळणार होतं तेही त्यांनाच.

नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला. सदस्याने पैसा कमावण्यात शक्ती घालवायची नाही, अशी शपथच होती. पण त्याच शपथेत हेही होतं की संस्था त्याची आणि त्याच्या कुटुंबाची जी तरतूद करील त्यात त्याने समाधान मानावं. नीट पाहा, त्यागाच्या शपथेतही कुटुंबाची तरतूद हा शब्दव्यवहार आहे. सेवकाने साधेपणाची शपथ घ्यायची आणि संस्थेने त्याच्या चुलीची जबाबदारी घ्यायची. आज पुष्कळ ठिकाणी यातली पहिली बाजू तेवढी शिल्लक राहिली आहे.

न्यायालयाने केलेला भेद

१९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात 'उद्योग' म्हणजे काय याचा निकाल दिला. त्यात धर्मादाय संस्थांचाही विचार झाला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या विवेचनाचा गाभा असा: संस्था परोपकारी असेल, पण तो परोपकार लाभार्थ्यांवर असतो, पगारावर ठेवलेला माणूस तिथे दान द्यायला आलेला नसतो, कामाला आलेला असतो. जिथे माणसं स्वतःहून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता राबतात, ती गोष्ट त्यांनी वेगळी ठेवली.

वारीत पाणी वाटणारा स्वयंसेवक वेगळा आणि वर्षभर रोज दहा ते सहा हजेरी लावणारा कार्यकर्ता वेगळा, हा भेद मला यात दिसतो. पहिल्याला आपण हात जोडावेत. दुसऱ्याला हात जोडावेत आणि पगारही द्यावा.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने मात्र धर्मादाय आणि समाजसेवी संस्थांना 'उद्योगा'च्या व्याख्येबाहेर ठेवलं आहे. कायद्याने एक पाऊल मागे घेतलं की धर्माची जबाबदारी वाढते, असं मला वाटतं.

देणाऱ्यांसाठी

आता आपल्याकडे वळू. देणगीच्या पानावर 'तुमचा शंभर टक्के पैसा थेट गरजूंपर्यंत' असं वाचलं की आपल्याला बरं वाटतं. पण जरा विचार करा. ते पैसे गरजूपर्यंत नेणारा माणूस काय खातो? आपल्या क्षेत्रात रात्री दोनला सर्व्हर पडल्यावर उठणाऱ्या इंजिनिअरला कुणी 'वरखर्च' म्हणत नाही. मग वस्तीत जाऊन शाळा सुटलेल्या मुलाला परत आणणारी ताई वरखर्च कशी? तीच तर काम आहे.

नियमांचाही धाक दाखवला जातो, म्हणून ते नीट माहीत हवेत. सीएसआरच्या नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीने स्वतःचं सीएसआर चालवायला केलेल्या खर्चावर आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चावर नाही. तरी बैठकीत तीच मर्यादा संस्थेच्या गळ्यात घातली जाते. परदेशी देणग्यांच्या कायद्यात प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० वरून २० टक्क्यांवर आली. पण दवाखान्यातल्या डॉक्टरचा, शाळेतल्या शिक्षकाचा पगार त्या प्रशासकीय खर्चात धरत नाहीत. म्हणजे प्रत्यक्ष सेवा करणाऱ्याचा पगार हीच सेवा, हे नियमालाही मान्य आहे.

'कन्सल्टंट' या एका शब्दाने काय जातं, तेही पाहा. पीएफमध्ये कर्मचाऱ्याचे १२ टक्के आणि संस्थेकडून तेवढेच; ते जातात. २६ आठवड्यांची बाळंतपणाची पगारी रजा जाते. ग्रॅच्युइटी जाते. मूळ पगार २६,००० असेल तर वर्षाला १५ दिवसांच्या हिशेबाने १५,००० होतात, पाच वर्षांचे ७५,०००. आपल्यापैकी काहींना ही रक्कम एका फोनची वाटेल. ताईंच्या घरात तीच आईच्या ऑपरेशनचा मोठा भाग ठरली असती.

देणाऱ्यांची एक भीती खरी आहे, ती नाकारू नये. काही ट्रस्टमध्ये संस्थापकाच्या नातेवाइकांना गलेलठ्ठ पगार असतात. म्हणूनच विश्वस्तांना आणि त्यांच्या नात्यातल्यांना वाजवीपेक्षा जास्त पगार दिला तर आयकरातली सवलत धोक्यात येते, अशी कायद्यात तरतूद आहे. त्यावर नजर ठेवावीच. पण वरच्या खुर्चीतल्या एकाच्या लोभाची शिक्षा खाली राबणाऱ्या दहा जणांना का? आणि कुणी कॉर्पोरेट पॅकेज मागत नाहीये. महिना निघावा, आजारपणात हात पसरावे लागू नयेत, म्हातारपणासाठी चार पैसे साठावेत, एवढंच.

आता श्लोकाकडे परत या. समाजातलं जे काम आपण करायला हवं होतं, ते कुणीतरी आपल्या वतीने करतंय. वस्तीतलं मूल शिकलं तर शहर शहाणं होतं, आणि त्या शहरात आपण राहतो. हा भोग आपल्याला मिळतोय. आपल्यासाठी हा यज्ञ चालवणाऱ्याला त्याचं न देता आपण पुण्याची पावती तेवढी घेतली, तर बाराव्या श्लोकातला शब्द कुणाला लागू होतो?

आणि ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गीता करणाऱ्याला निष्काम व्हायला सांगते आणि घेणाऱ्याला परत द्यायला सांगते. दोन्ही एकाच वेळी. तुमच्या वाट्याची शिकवण तुम्ही सहा वर्षं पाळलीत. समोरच्यांच्या वाट्याची शिकवण त्यांच्यासमोर ठेवणं यात अपराध नाही. पगार, पीएफ, विमा यांचं लेखी मागा, शांतपणे आणि न रागावता. तरी मिळालं नाही आणि आईसाठी तुम्हाला दुसरी नोकरी धरावी लागली, तर ते सेवेतून पळणं नाही. आईची शुश्रूषा हाही स्वधर्मच आहे. राहायचं की जायचं, हे मात्र तुमच्या मनाला विचारा. ते मी किंवा तुमचे वरिष्ठ ठरवू शकत नाही.

आजचा संकल्प: पुढची देणगी देण्याआधी संस्थेला एकच गोष्ट विचारायची. "तुमच्या कार्यकर्त्यांचा पीएफ आणि आरोग्य विमा आहे का?" उत्तर 'नाही' आलं तर देणगी मागे घ्यायची नाही. उलट सोबत एक ओळ लिहायची: यातला काही भाग त्यासाठी वापरा, माझी हरकत नाही. सीएसआरमध्ये असाल तर हीच ओळ पुढच्या प्रस्तावात घालायची.

उद्या श्लोक १३. यज्ञ करून उरलेलं खाणारे आणि फक्त स्वतःसाठी शिजवणारे, असे दोन स्वयंपाक भगवंतांनी तिथे शेजारी शेजारी मांडले आहेत. श्लोक वाचून या.

राम कृष्ण हरी.