चार पानं जाऊ द्यावीत



उन्हं अंगणात उतरली की तुळशीच्या मंजिऱ्यांवर नखाएवढी निळसर फुलपाखरं येतात. उन्हाची ऊब मिळाल्याशिवाय त्यांचे पंख नीट चालत नाहीत. मग फुलावर टेकायचं, सोंड उलगडायची, थोडासा मकरंद घ्यायचा, पुढे जायचं. बघत राहावंसं वाटतं.

आणि कढीपत्त्यावरची अळी? ती दिसताच आपण पानासकट खुडून फेकतो. तीही उद्याचं फुलपाखरूच. कोवळी असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शत्रूला फसवायला. आपणही फसतो, म्हणा! चार पानं जाऊ द्यावीत. झाडाला पुन्हा पालवी फुटते.

माणसांशीही आपण असंच वागतो. तयार गवई आपल्याला हवा असतो, शेजारच्या मुलाचा पहाटेचा बेसूर रियाज नको असतो. कसबी शिंपी हवा असतो, हात बसेपर्यंत त्याने वाया घालवलेलं कापड नको असतं. शिकणाऱ्याकडून थोडी नासाडी होणारच. ती सोसणारं कुणीतरी लागतं. आपल्यासाठीही कुणीतरी सोसलीच होती. चार पानं जाऊ द्यावीत.

श्रोतेहो, आज तुमच्या घरी, कामाच्या जागी कुणी नवं काही शिकत असेल. त्याच्या चुकीवर लगेच बोट ठेवू नका. निदान संध्याकाळपर्यंत थांबा.