उसने न मिळणारे तेल

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना केळझर लागते. तेथील गणपतीचे देवस्थान प्रसिद्ध आहे. शिवाय महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, अशी या गावाची परंपरा आहे. बकासुराकडे आळीपाळीने एकेका घराने माणूस पाठवायचा. पांडव ज्यांच्या आश्रयाला होते त्या ब्राह्मणाच्या घराची पाळी आली, तेव्हा बाप म्हणाला मी जातो, आई म्हणाली मी, मुलगी म्हणाली मी. आणि कुंतीने त्यांच्याऐवजी आपल्या भीमाला धाडले.

सेमिनरीपासूनचा आमचा एक धर्मगुरुमित्र एकदा एस.टी.ने केळझरवरून जाताना ही कथा सांगून म्हणाला, "इथे दुसऱ्याची पाळी कोणीतरी घेऊ शकला. दहा कुमारींच्या दाखल्यात मात्र शहाण्या पाच जणी थेंबभर तेल देत नाहीत. इतक्या कंजूष का रे त्या?" आम्ही प्रवचनातले ठरीव उत्तर दिले : प्रभूच्या आगमनाची तयारी ज्याची त्यानेच करायची असते. तो थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, "उत्तर बरोबर आहे. पण तू शेवटचे पापनिवेदन कधी केलेस?"

वर्ष उलटून गेले होते. आम्हांला राग आला. सेलू येईपर्यंत आम्ही बोललो नाही. पुढच्याच आठवड्यात आम्ही गुडघे टेकले, पण हे त्याला कधी सांगितले नाही.

तेल जर उसने मिळत नसेल, तर मित्राचा उपयोग काय? आमच्या सेमिनरीच्या काळात दोघांच्या मैत्रीकडे संशयानेच पाहिले जाई. 'विशिष्ट मैत्री' हा शब्द तेव्हा जवळजवळ दोषासारखा उच्चारला जात असे. त्या भीतीत तथ्य नव्हते असे नाही. घट्ट जोडी इतरांना बाहेर ठेवते, आणि गोड बोलणारा मित्र आपल्याला जागे करण्याऐवजी थोपटून झोपवतो. पण रोगाबरोबर आरोग्यावरही औषध ओतले गेले, असे आज वाटते. खुद्द प्रभूने गेथशेमानी बागेत तिघांना बाजूला घेऊन आपल्याबरोबर जागे राहण्याची विनंती केली. त्याचा प्याला ते पिऊ शकत नव्हते, हे त्याला ठाऊक होते. तरीही त्याने मागितली ती सोबतच.

गोव्याला वंदिले जाणारे संत फ्रान्सिस झेवियर यांचेच पाहा. 1529 मध्ये पॅरिसच्या सेंट बार्ब महाविद्यालयात पीटर फेबर, झेवियर आणि इग्नेशियस एका खोलीत राहू लागले. महत्त्वाकांक्षी झेवियर यांनी इग्नेशियसना बरीच वर्षे दाद दिली नाही; 1534 मध्ये मोंमार्त्र येथे मात्र सर्वांनी मिळून व्रत घेतले. 1540 मध्ये रोम सोडल्यावर झेवियर आणि इग्नेशियस पुन्हा भेटले नाहीत. सोबत्यांच्या पत्रांतील सह्या कापून झेवियर त्या छातीशी बाळगत. 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्या सह्यांतला एकही सोबती जवळ नव्हता. त्यांना परत बोलावणारे इग्नेशियस यांचे पत्र लिहिले गेले 1553 च्या जूनमध्ये. त्या चिठोऱ्यांनी त्यांच्या दिव्यात तेल घातले नसेल. पण प्रत्येक सही अशा माणसाची होती, ज्याच्यासमोर झेवियरना स्वतःविषयी खोटे बोलता आले नसते.

आमचा मित्र पुढे आजारी पडला. डॉक्टरांनी आम्हांला सारे सांगितले होते. तीन वेळा आम्ही त्याला भेटलो. पावसाविषयी, चर्चच्या गळक्या छपराविषयी बोललो आणि "लवकर बरा होशील" म्हणून उठलो. बसमध्ये जे त्याने आम्हांला विचारले, ते त्याला विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. या भित्रेपणाला आम्ही मनातल्या मनात प्रेम म्हणत होतो.

चौथ्या भेटीत तोच म्हणाला, "केळझर आठवते? अजून रागावला आहेस का?"

तेव्हा आम्ही त्या पुढच्या आठवड्याची गोष्ट त्याला सांगितली. तो हसला. "मग आता तू विचार," म्हणाला.

आम्ही विचारले. संध्याकाळ होईपर्यंत तो बोलत होता, मध्ये दम लागला की थांबत होता. पापक्षमेचे शब्द उच्चारून आम्ही गळ्यातला स्टोल काढू लागलो, तेव्हा त्याने हात पुढे केला.

"इकडे दे तो," तो म्हणाला. "आता तुझी पाळी."

आम्ही स्टोल त्याच्या गळ्यात घातला आणि खाटेपाशी गुडघे टेकले.