होईल आणि होणार आहे

फ्रेंचच्या वर्गात दरवर्षी एकदा मी फळ्यावर दोन मराठी वाक्यं लिहिते. 'तिला बाळ होणार आहे.' 'तिला बाळ होईल.' मग विचारते, यांतली कुठली बाई गरोदर आहे? आजवर एकाही मुलाला उत्तरासाठी थांबावं लागलेलं नाही. पहिली. दुसऱ्या वाक्यातलं बाळ अजून कोणाच्या तरी आशेत आहे. ते वाक्य धीर देणाऱ्या मावशीचं असेल, डॉक्टरचं असेल, नाहीतर ज्योतिषाचं.

त्याखाली मी फ्रेंच वाक्यं लिहिते. 'एल वा आव्वार अँ बेबे' आणि 'एल ओरा अँ बेबे'. पहिल्यात 'आले' म्हणजे 'जाणे' या क्रियापदाचं वर्तमानकाळातलं रूप, 'वा', आणि त्याच्यापुढे 'आव्वार' हा मूळ धातू. दुसऱ्यात एकच शब्द, 'ओरा', भविष्यकाळाचा प्रत्यय लागलेला. अर्थाची विभागणी अगदी मराठीसारखी: 'वा आव्वार' म्हटलं की बाई गरोदर, 'ओरा' म्हटलं की कधीतरी, झालं तर. फ्रेंच शिकवणारे जगभर हेच उदाहरण देतात. आपल्या मुलांना ते समजावून सांगावं लागत नाही, कारण ते त्यांच्या घरात आधीपासून बोललं जातं. एवढी आयती शिदोरी असताना आपण ती उघडतही नाही, हे मला वर्षानुवर्षं खुपतं.

पाठ्यपुस्तकात या काळाचं नाव 'फ्युत्यूर प्रॉश' असतं, म्हणजे निकट भविष्य. रचना सोपी असते. झ वॅ, त्यु वा, इल वा, नूझालों, वूझाले, इल वों, आणि पुढे धातूचं मूळ रूप. नकार द्यायचा तर 'न' आणि 'पा' हे दोन शब्द फक्त 'जाणे'ला दोन्ही बाजूंनी मिठी मारतात, मूळ धातू बाहेर राहतो: झ न वॅ पा मांझे, मी जेवणार नाही. 'ते', 'त्याला' अशी सर्वनामं मात्र मूळ धातूला चिकटतात: झ वॅ ल फेर, मी ते करणार आहे. अर्ध्या तासात हे फळ्यावर मांडून होतं. मुलं चुकतात ती कानामुळे. 'मांझे' हा उच्चार 'जेवणे'चाही आणि 'जेवलेला'चाही. त्यामुळे 'झ वॅ मांझे' म्हणजे मी जेवणार आहे आणि 'झे मांझे' म्हणजे मी जेवलो. भरभर बोलताना मधला 'वॅ' ऐकू आला नाही, तर ताट वाढायचं की उचलायचं तेच कळत नाही. आणि 'नूझालों', 'वूझाले' ऐकल्यावर मराठी मुलं हमखास मान वर करतात. झालो? झाले? पुढे होणाऱ्या गोष्टीला हे 'झालो' का म्हणतात? हा निव्वळ ध्वनीचा योगायोग आहे, 'नू' आणि 'आलों' जोडून म्हणताना मधे 'झ' येतो इतकंच. पण मी त्यांना तिथेच थांबवते आणि विचारते, स्वयंपाकघरातून हाक आली तर तुम्ही काय म्हणता? 'आलोच.' गॅसवरच्या चहाला काय म्हणता? 'झालाच.' अजून पाऊल न उचललेला माणूस भूतकाळात 'आलो' म्हणतो आणि मराठीत कोणालाही त्यात खोटं वाटत नाही.

'निकट' या शब्दाने मात्र मुलांची फार मोठी दिशाभूल होते. ती घड्याळ लावून बसतात. पाच मिनिटांत होणार असेल तर निकट, पुढच्या वर्षी असेल तर साधा भविष्यकाळ, असा हिशेब वहीत लिहून घेतात, आणि पेपरात त्यावर गुणही मिळतात. फ्रेंच माणूस मात्र सहज म्हणतो, आम्ही पुढच्या वर्षी लग्न करणार आहोत, आणि त्यात 'जाणे' वापरतो. अंतर वर्षाचं आहे, पण ठरलंय आज. याच्या उलट, अर्ध्या तासात सुटणाऱ्या गाडीची वेळ सांगताना साधा भविष्यकाळही चालतो. 'वा'मध्ये घटना घड्याळात किती जवळ आहे हे पाहिलं जात नाही. तिचं काहीतरी आज इथे दिसतंय का, ते पाहिलं जातं. ढग भरून आलेत म्हणून 'इल वा प्लव्वार', पाऊस पडणार आहे. मराठीत 'जाणार आहे' म्हणताना शेवटी 'आहे' येतं, आणि ते वर्तमानच आहे. 'जाणारा' आणि 'जाणार' ही एकाच घरातली रूपं. मी आत्ताच जाणारा ठरलो आहे, असं ते वाक्य मुळात म्हणतं. फ्रेंचमधला 'वॅ' हाही वर्तमानकाळच. दोन्ही भाषांनी उद्याची गोष्ट आजच्या क्रियापदाच्या हातात दिली आहे. फ्रेंच व्याकरणकारांपैकी अनेकांना 'निकट' हे नाव पटत नाही. ते त्याला दोन शब्दांनी घडवलेलं भविष्य म्हणतात. मला तेच नाव वर्गात आणावंसं वाटतं.

साधा भविष्यकाळ तरी जन्मतः एका शब्दाचा कुठे होता? लॅटिनमध्ये 'मी देईन' म्हणजे 'दाबो'. बोलणाऱ्यांनी हळूहळू त्याऐवजी 'देणे' आणि 'माझ्याकडे आहे' हे दोन शब्द जोडून वापरायला सुरुवात केली, म्हणजे मला द्यायचं आहे. पुढे ते दोन शब्द एकमेकांत इतके मिसळले की सांधा दिसेनासा झाला. फ्रेडेगारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सातव्या शतकातल्या लॅटिन बखरीत एक गोष्ट आहे. सम्राट जस्टिनियन पराभूत इराणी राजाकडे प्रांत मागतो. राजा म्हणतो, देणार नाही. तिथे 'दाबो' हे जुनं रूप आहे. सम्राट म्हणतो, देशील, आणि तिथे 'दारास' हे नवं रूप आहे. त्या ठिकाणी वसलेल्या शहराला म्हणून दारास नाव पडलं, अशी ही लोककथा. शहराचा इतिहास वेगळा आहे, पण मरत चाललेलं आणि नुकतं जन्मलेलं अशी दोन भविष्यं तिथे शेजारी शेजारी उभी आहेत. 842 साली स्ट्रासबर्गला दोन राजबंधूंनी घेतलेल्या शपथेत, म्हणजे फ्रेंचच्या सर्वांत जुन्या मजकुरात, ही जोडरूपं घट्ट बसलेली दिसतात. 'ओरा' किंवा 'व्यँद्रा', म्हणजे 'येईल', ही आजची रूपं त्याच कुळातली. ती एका शब्दाची झाली आणि बोलणाऱ्यांना पुन्हा दोन शब्द हवेसे वाटू लागले, तेव्हा 'जाणे' मदतीला आलं. सतराव्या शतकात 'झ वॅ' म्हणावं की 'झ वा', यावर पॅरिसमध्ये वाद होते. 1702 साली वारलेले व्याकरणकार दोमिनिक बूउर यांच्याबद्दल अशी आख्यायिका आहे की, शेवटच्या घटकेला 'मी मरणार आहे' हे वाक्य त्यांनी दोन्ही रूपांनी म्हटलं आणि दोन्ही चालतात, असा निर्वाळा दिला.

आता नकार, कारण मराठीचा आधार इथे सुटतो आणि हे मुलांना सांगायलाच हवं. 'तो येईल' याचा नकार करा. 'येईल नाही' असं आपण म्हणत नाही. 'तो येणार नाही' म्हणतो. म्हणजे होकारात ज्या दोन छटा आपण इतक्या बारकाईने वेगळ्या ठेवतो, त्या नकारात एकत्र येतात आणि 'णार' एकटाच उरतो. कॅनडातल्या फ्रेंचमध्ये याच्या नेमकं उलट घडलं आहे. शाना पॉपलॅक आणि दानिएल तुर्पँ यांनी 1999 साली ओटावा भागातल्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे होकारी वाक्यांत 'जाणे'वालं भविष्य सगळीकडे पसरलं आहे, पण नकार आला की जुना एकशब्दी भविष्यकाळच टिकून आहे. एका भाषेत नकाराने नवं रूप निवडलं, दुसऱ्या भाषेत जुनं. माझे विद्यार्थी डोळे मिटून 'इल न वा पा वनीर' लिहितात, कारण त्यांच्या डोक्यात 'येणार नाही'च असतं. वाक्य चूक नाही. पण 'मी तुला कधीच विसरणार नाही' अशा आयुष्यभराच्या वचनाला फ्रेंच माणूस बहुधा एकशब्दी रूप वापरेल, आणि ते त्यांच्या कानाला मुद्दाम लावावं लागतं.

बहुतेक मुलं फ्रेंच शिकतात ती इंग्रजीच्या जिन्याने. पुस्तक इंग्रजीतून, समजावणं इंग्रजीतून, 'गोइंग टू' हा प्रतिशब्द. रचनेपुरता तो बरोबर जुळतो, मीही तो सांगते. मात्र पुढच्याच धड्यात 'तू येशील तेव्हा बोलू' हे वाक्य येतं. इंग्रजीत 'व्हेन'नंतर वर्तमानकाळ, म्हणून हुशार मुलंसुद्धा फ्रेंचमध्ये वर्तमानकाळ लिहितात आणि गुण घालवतात. फ्रेंचमध्ये तिथे भविष्यकाळ लागतो: 'काँ त्यु व्यँद्रा', तू येशील तेव्हा. मराठीत तो तसाच आहे! मराठीतून विचार केला असता तर हे चुकलंच नसतं. 'झालॅ पार्तीर', म्हणजे 'निघणार होते इतक्यात फोन वाजला' यातला अर्धवट राहिलेला बेतसुद्धा 'णार होते'मध्ये तंतोतंत बसतो. छोट्या गावातून आलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांना मी ही वाक्यं मराठीतून देते तेव्हा त्यांचा चेहरा खुलतो, आणि फ्रेंच हा इंग्रजी चांगलं असणाऱ्यांचा प्रांत आहे ही भीती तिथेच गळते. आपल्या भाषेच्या व्याकरणाकडे आपण परीक्षेतला एक छोटा प्रश्न म्हणून पाहतो. दुसरी भाषा समजून घेण्याचं ते सर्वांत धारदार हत्यार आहे, हे शिक्षकांना तरी वाटायला हवं.

अर्थात शब्दाला शब्द लावायला गेलं तर मराठीही फसवते. 'करायला गेलो गणपती, झाला मारुती' यात 'जाणे' आणि धातू दोन्ही आहेत, पण बेत फसल्याचं दुःखही आहे. ते फ्रेंचच्या 'वॅ'मध्ये नाही. कॅटलानमध्ये तर 'जाणे' अधिक धातू म्हणजे सरळ भूतकाळ: 'मी गायला जातो' अशा रचनेचा अर्थ 'मी गायलो'. मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांत बोलल्या जाणाऱ्या क्रिओलमध्ये फ्रेंचमधून आलेल्या 'पू', म्हणजे 'साठी', या शब्दावर भविष्य उभं आहे: 'मो पू मांझे', मी जेवणार आहे. आणि अगदी घडण्याच्या काठावरची गोष्ट सांगताना मराठी 'जाणे'कडे वळतच नाही, 'येणे'कडे वळते. भिंत पडायला आली. भात शिजत आला. दिवस मावळायला आला. फ्रेंच कर्ता कामाकडे जातो, आपली भिंत पडण्याशी येऊन ठेपते. यावरून कोणी दोन समाजांच्या स्वभावाबद्दल सिद्धान्त मांडू नयेत, पण भाषांतर करताना हे 'येणं-जाणं' सतत तपासावं लागतं.

निरोप घेतानाही. फ्रेंच घरातून उठताना पाहुणा म्हणतो, 'बों, झ वॅझी आले.' जाण्यासाठी जाणे, एकाच वाक्यात दोनदा. निकट भविष्याचं इतकं रोजचं उदाहरण दुसरं नसेल. आमच्या घरी वर्ग संपला की मुली हौसेने तेच म्हणून चपला घालतात. परवा एक जण असंच म्हणून जिना उतरली आणि आतून भाजी निवडणारी आई बाहेर आली.

"'आले' म्हणाली ना गं ती? मग गेली कुठे?"

मी म्हटलं, "येते म्हणाली, आई."