चोरलेली जात आणि घरातली रुखरुख

बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. सुरतेकडे रेल्वेत नोकरी करताना खोली मिळावी म्हणून बागूलांना स्वतःची जात लपवावी लागली होती. शीर्षककथेचा निवेदकही तिकडेच रेल्वेत रुजू होतो, जात न सांगता एका घरात राहतो आणि ती उघडी पडल्यावर मार खातो. शीर्षक मात्र एखाद्या आरोपीच्या जबानीसारखे आहे. खोली नाकारणारे राहिले बाजूला, चोर ठरला तो खोली मागणारा.

कथेचा शेवट हा आरोप फिरवतो. मारणारी माणसे निमित्तमात्र. आपल्याला मारले ते मनूने, असे निवेदकाचे म्हणणे. हा संदर्भ महाडच्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली ती महाडलाच, आणि त्याच वर्षी २० मार्चला डॉ. आंबेडकरांसह हजारोंनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यामागे या मुलखाची जुनी तयारी होती: रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांचे लेखन, दासगावात वाढलेले रा. बा. मोरे यांची खटपट, लष्करी पेन्शनरांची वस्ती.

तळ्यावर गेलेल्यांच्याच भावकीतली माणसे पुढे मुंबईत खोल्या शोधत फिरली. तळ्यावर सोबतीला जमाव होता. घरमालकापुढे भाडेकरू एकटा होता. हा फरक लक्षात न घेता मुलेनातवंडे आजोबांच्या गप्प बसण्याला तळ्याचे माप लावतात, म्हणून महाड-पोलादपूरच्या घरांत जात लपवल्याची रुखरुख अधिक टोचते. ते माप अन्यायाचे आहे.

लपवणे बहुधा छोट्या गोष्टींत असे. गावाहून आलेल्या चुलत्याची ओळख ‘गावचे एक गृहस्थ’ अशी करून द्यायची. बाबासाहेबांची तसबीर कपाटाच्या आतल्या बाजूला लावायची. ‘जय भीम’ दाराआड म्हणायचे, आणि १४ एप्रिलला नेमकी कामाची अडचण काढायची. पोलादपूरकडे आडनाव बदलण्याचीही फारशी गरज नसे. जावळीच्या चंद्ररावांचे मोरे हे आडनाव मराठ्यांत आहे तसे बौद्धांतही आहे. जाधव, पवार यांचेही तेच. समोरच्याने आपल्या मनाने काय ते समजावे, आपण दुरुस्ती करू नये, एवढ्यावर भागे. खोटे कोणी बोललेले नसते. पश्चात्ताप करायचा तर नेमका कशाचा, हेही त्यामुळे धड सांगता येत नाही. बागूलांचे शीर्षक अशा घरांना लागू पडते ते इथे: न सांगितलेल्या गोष्टीला ते कृत्याचे नाव देते.

ही गोष्ट मराठी घरांपुरती नाही. पत्रकार यशिका दत्त यांनी २०१९ च्या आपल्या इंग्रजी आत्मकथनात घरच्यांनी जपलेले असेच गुपित सांगितले आहे. ते उघड करायला निमित्त २०१६ मधील दलित संशोधक विद्यार्थी रोहित वेमुलाच्या मृत्यूचे होते.

जात लपवलेल्या घराला ती पुढे सरकारदरबारी सिद्धही करावी लागते. महाराष्ट्रात जातपडताळणीला २००० च्या कायद्याचा आधार आहे. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि मुंबईत वाढलेल्या नातवाला तो बहुधा आजोबांच्या गावच्या शाळेतील जनरल रजिस्टरच्या उताऱ्यावर मिळतो.