मुलाकडून काय मागावे?

आईवडिलांनी मुलाकडून काय अपेक्षावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा कर्तृत्वाच्या अंगाने विचारला जातो. परीक्षा, पाठांतर, नोकरी, घराण्याचे नाव. आम्हांला तो येथे एका निराळ्या मुलासंबंधी विचारायचा आहे. हे मूल कुकरची शिटी झाली की कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरातून पळते. नव्या सदऱ्याच्या मानेमागची पट्टी त्याला काट्यासारखी बोचते. वरणभातात कढीपत्त्याचे पान लागले तर ते ताटावरून उठते. डोक्याला तेल लावू देत नाही. न्हाव्याची कात्री जवळ आली की आकांत करते. अशा मुलाला घरात मिळणारी नावे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत: हट्टी, नाजूक, लाडावलेले.

या नावांपेक्षा अधिक न्याय्य नाव शोधण्याचे काम ए. जीन आयर्स या अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनी केले. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे मांडले की, डोळे, कान, त्वचा यांच्याबरोबरच तोल आणि अंगाची ठेवण यांच्याही संवेदना मेंदूला सतत एकत्र गुंफाव्या लागतात, आणि काही मुलांच्या बाबतीत ही गुंफण नीट होत नाही. पुढे २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने स्वमग्नतेच्या लक्षणांत संवेदनांची अतितीव्र वा अतिमंद प्रतिक्रिया समाविष्ट केली. मात्र असे प्रत्येक मूल स्वमग्न असतेच असे नाही. निदान हा वैद्याचा विषय आहे. आमचा प्रश्न त्याच्या अलीकडचा, घराच्या उंबरठ्यातला आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच मराठी पुस्तकात आहेत, आणि ते पुस्तक आपणांपैकी बहुतेकांच्या घरी असेल. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ मध्ये पोहण्याची एक गोष्ट आहे. श्याम विहिरीच्या भयाने लपून बसतो आणि आई त्याला मारून बाहेर काढते, पोहायला धाडते. त्याच पुस्तकात दुसरीही गोष्ट आहे. स्नान झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये असा श्यामचा हट्ट असतो, आणि तीच आई आपल्या लुगड्याचे ओचे धोंडीवर पसरून त्यांवर त्याला पाय ठेवू देते. मनही असेच स्वच्छ ठेव, असे ती मागाहून सांगते. पण आधी वस्त्र पसरते. पहिली गोष्ट आपल्या घरांतून पुष्कळदा सांगितली जाते. ‘थोडे कठोर व्हायला हवे’ या वाक्याला ती आधार म्हणून येते. दुसरीचा उल्लेख आम्ही या संदर्भात फारसा ऐकलेला नाही.

विहिरीच्या गोष्टीत आईचा विजय झाला हे खरे. श्याम पोहायला शिकला. परंतु तो विजय कशामुळे झाला, हे तपासले पाहिजे. श्यामला भीती वाटत होती, आणि भीतीचा एक स्वभाव असा की, जिचे भय वाटते ती गोष्ट निभावून नेली की ती ओसरू लागते. त्वचेला किंवा कानाला होणाऱ्या वेदनेचा स्वभाव तसा नाही. ती केवळ पुन्हा पुन्हा भोगल्याने कमी होईलच असे नाही. उलट वाढू शकते, आणि तिच्यावर भीतीचा आणखी एक थर चढतो. म्हणजे एका मुलाच्या बाबतीत जे धैर्याचे शिक्षण ठरते, तेच दुसऱ्याच्या बाबतीत छळ ठरते. आणि खरी अडचण पुढेच आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ही दोन मुले सारखीच दिसतात. दोघेही रडतात, दोघेही लपतात. कित्येकदा एकाच मुलात दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि त्याला स्वतःलाही त्या वेगळ्या करून सांगता येत नाहीत.

आमच्या मते सौम्य ध्येयांचा नैतिक आधार येथे आहे. ती दयेपोटी ठेवायची नसतात, तसेच मुलाकडून कमी अपेक्षा आहे म्हणूनही नव्हे. दुसऱ्याच्या संवेदनेचे माप आपल्याजवळ नाही, म्हणून ती ठेवायची. ज्याला खोली ठाऊक नाही तो पाण्यात पाऊल चाचपूनच टाकतो. दमणगंगेच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात मधुबन धरणाचे दरवाजे उघडल्यावर काल गुडघाभर असलेले पाणी आज किती असेल, हे काठावरून कळत नाही. ध्येय इतके लहान असावे की आपला अंदाज चुकला तरी मुलाचे फार नुकसान होऊ नये, आणि मागे फिरण्याची वाट मोकळी राहावी.

केस कापण्याचेच उदाहरण घेऊ. ‘या महिन्यात दुकानात जाऊन शांत बसायचे’ हे ध्येय मुलावर लादलेले आहे. त्याऐवजी घराने असे ठरवावे: आठवडाभर घरातल्या कोणाचे तरी केस मुलासमोर विंचरायचे, पुढे कात्री न उघडता त्याच्या हाती द्यायची, मग एक बट, तीही त्याने होय म्हटल्यावर, आणि ‘पुरे’ म्हणताच थांबायचे. यातले जवळजवळ प्रत्येक काम मोठ्यांचे आहे, हे वाचकांच्या लक्षात येईल. ‘थांबायचे’ हा शब्द तर सर्वांत अवघड, कारण अर्धवट कापलेले केस घेऊन मूल चार लोकांत जाणार असते आणि लाज मुलाला नव्हे, आपल्याला वाटते. ध्येय लिहून ठेवायचे असेल तर त्यातील कर्ता कोण, एवढे पाहावे. कर्ता मूल असेल तर वाक्य बदलून पाहावे.

ही रीत परकी नाही. आपल्या राखोलीपासून डहाणू तालुक्यातील कोसबाडची टेकडी काही फार दूर नाही. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि १९५७ साली ते कोसबाडला हलविले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दामागे हा नम्र निर्णय आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली तीही याच विचाराने. ज्या माँटेसरीबाईंच्या पद्धतीवर ताराबाईंचे काम उभे होते, त्यांनीही इंद्रियशिक्षणाची साधने प्रथम रोममधील मंदबुद्धी म्हणून वेगळ्या काढलेल्या मुलांसाठी वापरली, आणि १९०७ साली निघालेल्या त्यांच्या बालगृहातून ती इतर मुलांकडे आली.

येथे कोणी गीतेतील तितिक्षेचा दाखला देतील. विषयांचे स्पर्श शीतोष्ण व सुखदुःख देणारे, येणारे-जाणारे आहेत, ते सहन कर, असे भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. आम्हांला तो उपदेश शिरोधार्य आहे. परंतु तो प्रौढ योद्ध्याला आहे, आणि तितिक्षा हा स्वतःवर घालून घेण्याचा नियम आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या कानांवर तो लादणारा माणूस स्वतः काहीच सहन करीत नसतो. त्या घरात तितिक्षेची संधी खरे तर मोठ्यांना आहे: अर्धवट टाकलेले ताट, पाहुण्यांच्या भुवया, रद्द झालेले लग्नाचे आमंत्रण.

अधिक वजनदार आक्षेप दुसराच आहे. जग आवाज कमी करणार नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती कागदावर तरी आहे, पण कायद्याचा कान सरासरी असतो. राखोलीच्या रस्त्यावरून कारखान्यांचे ट्रक जातच राहणार. मग घरात सर्व काही मऊ करून मुलाला दुबळे करावे काय? नाही. सौम्य ध्येय हेही ध्येयच आहे; त्यात पुढे जाणे गृहीत आहे. कात्री कायमची फडताळात ठेवली तर तो सौम्यपणा नसून मुलाविषयीची निराशा आहे, आणि ती मुलाला लवकर कळते.

आपल्यासारख्या कुटुंबांत या साऱ्याला आणखी एक पदर आहे. पेशवाईने अठराव्या शतकात पोर्तुगीजांना दिलेला हा मुलूख २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त होऊन परत आला, तरी येथे मराठी ही अनेक भाषांतली एक भाषा राहिली. गुजराती, हिंदी, वारली यांच्यामध्ये आपले मराठीपण आपण सणांतून जपले: गणपतीची आरती, झांजा, नरकचतुर्दशीचे उटणे, पहाटेचे फटाके. हे सगळे नेमके कानाला, त्वचेला आणि नाकाला भिडणारे आहे. म्हणून आरतीच्या वेळी मागल्या दारी पळणारे नातवंड आजोबांना केवळ घाबरट वाटत नाही. ते वारसा नाकारते आहे असे वाटते. आजोबांचे हे दुःख खोटे नाही, आणि त्यांना मागासलेले म्हणून मोकळे होणे आम्हांला पटत नाही. पण वारसा म्हणजे झांजांची पातळी नव्हे. आमच्या माहितीतल्या एका घरी आरती दोनदा होते. संध्याकाळी नेहमीसारखी, मूल तेव्हा मागच्या खोलीत असते. आणि सकाळी एकदा, केवळ टाळीवर, हळू आवाजात. सकाळच्या आरतीत तबक मुलाच्या हाती असते. कापराचा वास सोसत नाही म्हणून फुलवातीचे निरांजन असते.

त्या मुलाला थोरली बहीण आहे, आणि तिला फटाके आवडतात. तिच्या हक्काचे काय, हे त्या घराला अजून नीटसे ठरविता आलेले नाही. एका वर्षी ती मामाकडे गेली. तिला ते शिक्षेसारखे वाटले आणि तिने तसे सांगितले. आता भाऊबीजेनंतरच्या एका संध्याकाळी, वडिलांनी मुलाला घेऊन नदीकडे फिरायला जायचे आणि तोवर तिने अंगणात हवे ते उडवून घ्यायचे, असा बेत आहे. तिने त्याला एक अट घातली आहे: आई तिच्याबरोबर अंगणात थांबली पाहिजे.