आपलं म्हणण्याची वेळ

गिलेर्मो देल तोरो यांचा २०२५ सालचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ आम्ही उत्तनला घरीच पाहिला. मामू म्हणाले, “जीव घालणं अल्लाहचं काम. माणसानं त्यात हात घातला की असंच व्हायचं.”

मला व्हिक्टरचा गुन्हा वेगळा वाटतो. मेरी शेली यांच्या १८१८ च्या कादंबरीत तो जीव डोळे उघडतो आणि व्हिक्टर पळ काढतो. त्याला नावसुद्धा देत नाही. चित्रपटात तर साखळदंडाने बांधतो, मग जाळू पाहतो. निर्माण केलं, पण आपलं म्हटलं नाही. आमच्या धावगीच्या डोंगरावर मीरा-भाईंदरचा कचरा येऊन पडतो. तो पेटला की कोणाचा असतो? (त्यात माझ्या घरचाही आहेच.)

कादंबरीतला व्हिक्टर मरतानाही स्वतःला दोषी मानत नाही. चित्रपटात मात्र शेवटी तो त्याला मुलगा म्हणतो, माफी मागतो, आणि ती मिळते. मामूंचे डोळे पाणावले. माझं मन अडलं. बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करायचा असतो. त्या जीवाने आपल्यापुरती माफी दिली, ठीक. पण एलिझाबेथ व्हिक्टरच्याच गोळीने गेली. तिच्या वतीने कोण बोलणार?