आधी मृताचे नाव

1985 साली मुंबईत सायन आणि किंग्ज सर्कलच्या फुटपाथांवर झोपलेली माणसे मारली जाऊ लागली. अंधारात, सोबतीशिवाय झोपलेला माणूस हेरायचा आणि त्याच्या डोक्यात दगड घालायचा, ही खुन्याची पद्धत. काही दगड तीस-तीस किलोंचे होते. दोनेक वर्षांत बारा जण गेले. हे एकाच माणसाचे काम असावे, हे पोलिसांच्या ध्यानात आले ते सहाव्या खुनानंतर. एक बेघर वेटर हल्ल्यातून वाचला, पण अंधारात त्याला मारेकऱ्याचा चेहरा दिसलाच नव्हता. पुढे खून थांबले, खुनी सापडला नाही. 1989 मध्ये कलकत्त्यात असेच तेरा खून झाले. तिथल्या वृत्तपत्रांनी दिलेले ‘स्टोनमॅन’ हे नाव मग मुंबईच्या खुन्यालाही चिकटले.

खुन्याला नाव मिळाले. मेलेल्या बहुतेकांना ते मिळाले नाही. एकटे झोपणारे, मागे पुढे कोणी नसलेले. प्रेत ओळखायला कोणी आलेच नाही.

याबाबतीत व्हिक्टोरियन लंडनची गरीब वस्तीसुद्धा उजवी ठरते. 1888 मध्ये व्हाइटचॅपल परिसरात ज्या पाच बायकांचे खून ‘जॅक द रिपर’च्या माथी मारले जातात, त्यांची नावे, नवरे, मुले, धंदे सगळे नोंदलेले आहे. मेरी अ‍ॅन निकोल्स 31 ऑगस्टच्या पहाटे मेली. रात्रीच्या खाटेचे चार पेन्स नव्हते म्हणून तिला निवाऱ्यातून बाहेर काढले होते. आपली नवी टोपी दाखवत, पैसे आत्ता मिळवून आणते असे सांगून ती गेली. कॅथरीन एडोज केंटमधल्या शेतांवर हॉप्स तोडून नुकतीच परतली होती आणि जोडीदाराचे बूट गहाण टाकल्याची पावती तिच्याजवळ सापडली. हे आपल्याला कळते, कारण प्रत्येक मृत्यूची कोरोनरपुढे उघड चौकशी झाली आणि शेजारीपाजाऱ्यांनी, नातेवाइकांनी तिथे साक्ष दिली. खुनी कोण यावर तेव्हापासून पुस्तकांचा ढीग पडला आहे. त्या ढिगापेक्षा बुटांची ती एक पावती जास्त बोलते.

नाव कळले की खुनी सापडतोच, असे नाही. व्हाइटचॅपल हाच त्याचा दाखला. पण नावच नसेल तर तपासाला सुरुवात कुठून करायची? हा माणूस रोज इथेच झोपायचा का, शेजारी कोण असायचे, आदल्या रात्री कोणी त्याच्याशी बोलले का, हे विचारायला कोणीतरी त्याला ओळखणारे लागते. याच मुंबईत 1968 मध्ये रामन राघव पकडला गेला. झोपडपट्टीत आणि फुटपाथवर झोपलेल्यांनाच तोही मारत होता. आधीच्या खुनांच्या वेळी पोलिसांनी त्याला धरून सोडले होते, त्यामुळे दप्तरी त्याची नोंद होती. उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला रस्त्यात ओळखले आणि पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पथकाने पुढचा तपास तडीस नेला. नोंद कामी आली, ती खुन्याची.

ज्यांना मारले जात होते त्यांची नोंद ठेवणे अशक्य होते का? मुळीच नाही. त्याच 1985 साली ‘स्पार्क’ या संस्थेने मुंबईच्या फुटपाथवरच्या सुमारे 6000 कुटुंबांची पाहणी करून अहवाल काढला. त्याच वर्षी 10 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवासीयांच्या ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी त्यात जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे म्हटले. मात्र पावसाळा सरल्यावर फुटपाथवरच्या झोपड्या हटवायलाही त्याच निकालाने वाट दिली. हटवल्यावर ही माणसे रात्री कुठे पाठ टेकणार, हा प्रश्न रस्त्यावरच राहिला.

तो प्रश्न अजून तिथेच आहे. डिसेंबर 2024 मध्ये पुण्यात वाघोलीच्या केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला. तीन जीव गेले, त्यांत दोन चिमुरडी होती. कामासाठी ती कुटुंबे अमरावतीकडून आली होती. हा खुनी दगड नव्हता, चालकही पकडला गेला. पण बळी पुन्हा तेच: उघड्यावर झोपावे लागलेले.

शहरांत लाख वस्तीमागे एक, बारमाही चालणारा रात्रनिवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने कधीच सांगितले आहे. पुण्यापुरते बोलायचे तर, 2021 मध्ये खडकवासल्यासह 23 गावे पुणे महापालिकेत आली. तिकडे सिंहगड रस्त्याच्या कडेने इमारती चढताहेत आणि त्या चढवणारे हात बाहेरगावचे आहेत. या गावांसाठी रस्ते, पाणी, ड्रेनेज यांचे आराखडे करताना महापालिकेने एवढे करावे: रात्री उघड्यावर कोण झोपते हे रात्रीच फिरून मोजावे, त्यांची नावे लिहून घ्यावीत आणि त्या आकड्याला पुरतील इतक्या खाटांची तरतूद पुढच्या अंदाजपत्रकात करावी.